रनिंग किती?

मंडळी, बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये विचारलं, काहींनी टपरीवर विचारलं, एकाने तर पंचायत समितीच्या आवारात सगळ्यांसमोर विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. होय, गाडी घेतली. मोठी, पांढरी, सात सीटची. आणि नाही, कुणी दिलेली नाही. तालुक्याच्या गावात पत्रकाराने मोठी गाडी घेतली की लोक 'कितीला पडली' असं विचारत नाहीत, 'कुणी दिली' असं विचारतात. त्यात रंग पांढरा. त्यामुळे हिशेब इथेच मांडतो. जुलै 2017 ची डिझेल एसयूव्ही, किंमत 5 लाख 60 हजार. त्यातले साडेतीन लाख पतसंस्थेचं कर्ज, 1 लाख 10 हजार जुनी छोटी गाडी विकून आले, उरलेले घरातले. हप्त्याची पावती बघायची असेल तर घरी या, चहा पण मिळेल.

पण पोस्ट त्यासाठी नाही. गाडी येऊन पाच आठवडे झाले आणि या पाच आठवड्यांत माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. पूर्वी गाडीत गाणी लावायचो. आता काचा वर, एसी बंद, आणि कान बॉनेटकडे. थंड इंजिन चालू केल्यावर दोन सेकंद जो कडकड आवाज येतो तो रोजचा की आज जास्त होता? परवा चिपळूणहून येताना कुंभार्ली घाट चढताना माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं टेंपरेचरच्या काट्यावर. बायको म्हणाली, "अहो, गाडी घेतलीय का पेशंट घरी आणलाय?"

आता मोठी गाडीच का, तर ज्यांना आपला पाटण तालुका माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा मी मित्राच्या मोटरसायकलवर निम्मं अंतर आणि चिखलातून पायी निम्मं असं करत पोचलो होतो. जुनी छोटी गाडी मोरगिरीच्या पुढे पावसाळ्यात नेणं म्हणजे चेंबर फोडून घेणं. दुसरं म्हणजे वडील. दर पंधरा दिवसांनी त्यांना कराडला न्यावं लागतं आणि त्यांना आता खाली वाकून गाडीत बसता येत नाही. नवी घ्यायची तर रस्त्यावर येईपर्यंत 18-20 लाख. तो विषय तिथेच संपला.

बीएस-4 डिझेल मुद्दाम घेतली. एप्रिल 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-6 आल्या. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी हायवेवर बऱ्यापैकी वेळ एका लयीत पळावी लागते. आपलं चालवणं म्हणजे बाजारपेठ, तहसील, एखादं गाव आणि परत. तो फिल्टर चोंदला की दिवा लागतो आणि मग खर्च. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना 20 टक्के इथेनॉलची चिंता आहे, तो वेगळा विषय, त्यावर परत कधीतरी.

तर मुद्दा असा. आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "रनिंग किती?" आणि उत्तरंही ठरलेली. सिंगल हँड. शोरूम मेंटेन. नॉन-ॲक्सिडेंटल, फक्त बंपरला टचअप. आणि डॉक्टरची गाडी. मी दोन महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या, त्यातल्या सहा डॉक्टरांच्या होत्या. पुण्यातले डॉक्टर बहुतेक गाड्या विकण्याचाच धंदा करतात. माझी गाडीसुद्धा एमएच-12, डॉक्टरचीच, मीटरवर 86,410.

मी काही डोळे झाकून घेतलेली नाही. आमच्या इथल्या गॅरेजवाल्या काकांना सोबत नेलं होतं. तीस वर्षं त्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. त्यांनी जे बघितलं ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितली आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना ते आधी तपासलं, कारण गरम केलेलं इंजिन सगळंच लपवतं. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून बघितलं, तिथून भसाभस धूर किंवा ऑइलचे थेंब उडाले तर इंजिन थकलंय. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का बघितलं. प्रत्येक काचेवरचा छोटा छाप वाचला, त्यात काच कुठल्या वर्षाची ते कळतं. सहा काचा 2017 च्या आणि एक 2020 ची असेल तर त्या बाजूला काहीतरी झालेलं असतं. माझ्या गाडीच्या सगळ्या 17 च्या निघाल्या.

मग त्यांनी मॅट उचलली, सीटच्या रुळांखाली बोट फिरवलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचं टोक बघितलं. हे पुराच्या गाडीसाठी. 2019 ला सांगली-कोल्हापूर बुडालं, 2021 ला चिपळूण बुडालं. एवढ्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांचं पुढे काय झालं असा विचार आपण केला का? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही खरंच भंगारात जातात. काही वाळवून, धुऊन, नवी सीटकव्हरं घालून परत रस्त्यावर येतात आणि दोन वर्षांनी वायरिंग सडायला लागतं. सीटबेल्टचा जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो तिथे गाळाची रेघ राहते. ती सहसा कुणी धूत नाही. माझ्या गाडीत ती नव्हती.

काका म्हणाले, "गाडी ब्येस हाय. घ्या. पर टायमिंगचा पट्टा कवा बदललाय ते इचारा."

आणि तिथून माझं दुखणं सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही इंजिनांत आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवायला साखळी असते, काहींत रबरी पट्टा. माझ्या गाडीत पट्टा आहे. त्याचं आयुष्य कंपनी किलोमीटरमध्ये आणि वर्षांत, दोन्हीत देते. तो तुटताना सहसा आधी काही सांगत नाही. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. घाटात, मागे वडील बसलेले असताना, रात्री नऊ वाजता काय होईल ते मी रोज मनात बघतो.

विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, 86 हजारच झालेत, अजून लई टाइम आहे." बरोबर, जर 86 हजारच झाले असतील तर.

आरसी माझ्या नावावर झाल्यावर मी ती घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. त्याआधी ते बोलायलाच तयार नव्हते, मालकाच्याच नंबरवर ओटीपी जातो म्हणे. म्हणजे गाडी घ्यायच्या आधी तिचा इतिहास मिळत नाही आणि पैसे देऊन झाल्यावर मिळतो. लग्न झाल्यावर पत्रिका दाखवण्यासारखं. असो. त्यांनी यादी काढून दिली. शेवटची नोंद फेब्रुवारी 2021, किलोमीटर 71,340. त्यानंतर काही नाही.

आता गणित करा. 2017 च्या जुलैपासून 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत, त्यात लॉकडाऊन धरून, गाडी वर्षाला जवळजवळ 20 हजार पळली. आणि नंतरच्या पाच वर्षांत सगळी मिळून 15 हजार. म्हणजे वर्षाला 3 हजार. हे होऊ शकतं का? होऊ शकतं. माणूस रिटायर होतो, दुसरी गाडी घेतो, आजारी पडतो. वॉरंटी संपली की लोक बाहेरच्या गॅरेजला जातात, त्यामुळे नोंद थांबणं यातही काही विशेष नाही. पण जुन्याच वेगाने पळली असेल तर आज मीटरवर 1 लाख 70 हजार हवेत.

गेल्या आठवड्यात काकांनी एअर फिल्टरचा डबा उचलला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला कुठल्यातरी गॅरेजचं ऑइल चेंजचं स्टिकर निघालं. पुण्याचं दुकान, नाव पुसलेलं. 'पुढील ऑइल' असं लिहून पुढे आकडा. आकड्याची डावी बाजू फाटलेली. उरलंय ते फक्त '8,000'. त्याच्या आधी 7 असेल तर मी झोपू शकतो. त्याच्या आधी 15 असेल तर नाही. मी त्या कागदाचा फोटो काढून झूम करून करून बघितलाय. मुलगी म्हणाली, "पप्पा, बातमीसाठी पण एवढं बघत नाही तुम्ही."

मीटर मागे करणं हे आता मोठं काम राहिलेलं नाही. पूर्वी दातेरी चक्रांचं मीटर असायचं, ते उघडून फिरवावं लागायचं. आता आकडा एका चिपमध्ये असतो, लॅपटॉप आणि केबल लावली की बदलतो. काही गाड्यांत तोच आकडा दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरमध्येही साठतो आणि स्कॅनर लावून दोन्ही ताडून बघता येतात. माझ्या गाडीला स्कॅनर लावला, दुसरीकडे कुठे आकडा मिळाला नाही. म्हणजे सिद्ध काही झालेलं नाही, कुणावर आरोप करत नाही. विक्रेता खोटं बोलला असंही म्हणत नाही, त्यालाही कदाचित गाडी अशीच मिळाली असेल. माझी तक्रार नेमकी हीच आहे की यात कुणालाच पकडता येत नाही. फसवणूक म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लावायचं म्हटलं तरी मधे तीन हात झालेले असतात. कुठल्या हाताने आकडा बदलला ते कोण सांगणार?

आता बघा, या गाडीबद्दल सरकारला काय काय माहीत आहे. 'एम-परिवहन' ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, कुठल्या बँकेचा बोजा, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, सगळं दिसतं. मालकाचं नाव फुल्या मारून येतं, ते ठीकच आहे. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला लागली, तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक आहे. पुणे-मुंबई रस्त्यावर वेग वाढला तर फोटोसकट चलन येतं. जुन्या गाड्यांच्या डीलरच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी आहे, डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी कौन्सिलने तो सगळ्या प्रकारच्या जुन्या गाड्यांना सरसकट केला. (तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होतं की आपण आपली गाडी शेजाऱ्याला विकली तरी कर लागेल. तसं नाही. तो नोंदणीकृत डीलरला आणि त्याच्या नफ्यावर आहे.) म्हणजे या गाडीकडून रुपया कुठे येणं आहे ते सगळं नोंदलेलं आहे. गाडी किती पळली, हे मात्र कुठेच नाही. मी पीयूसीचा कागद उलटसुलट बघितला. गाडीचा फोटो आहे, धुराचा आकडा आहे, किलोमीटरचा रकाना नाही.

हे अशक्य आहे म्हणून नाही असं नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, त्यात मीटरचा आकडा लिहितात आणि गाडीचा नंबर टाकून कुणीही तो सरकारी वेबसाइटवर फुकट बघू शकतो. बेल्जियममध्ये 2006 पासून 'कार-पास' आहे. गॅरेजवाल्यांनी गाडी आली की किलोमीटर कळवायचे आणि गाडी विकताना त्या सगळ्या आकड्यांचा कागद देणाऱ्याने घेणाऱ्याला द्यायचा, नाही दिला तर व्यवहार रद्द करून मागता येतो. आपल्याकडे तर पीयूसी सेंटरवाला दर वर्षी मोबाइलने गाडीचा फोटो काढतोच. त्याने दोन पावलं पुढे येऊन डॅशबोर्डचा अजून एक काढायचा. विमा नूतनीकरणाला एक आकडा, नावावर करताना एक आकडा. माझ्या गाडीचे असे पाच-सहा आकडे 'वाहन' वर असते तर ते फाटकं स्टिकर बघत बसायची वेळ आली नसती.

देशात 2024-25 मध्ये नव्या प्रवासी गाड्या साधारण 43 लाख विकल्या गेल्या. जुन्या त्यापेक्षा जास्त हात बदलतात. आणि त्या घेणारे कोण? शोरूममध्ये जाऊ न शकणारे. शिक्षक, दूध संघातला क्लार्क, मुंबईहून गावी परत आलेला, वडाप चालवणारा. ज्याच्याकडे चुकीची गाडी पचवायला दुसरे पैसे नाहीत असा माणूस.

नियम अजिबात नाहीत असंही नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे. आपण त्याला गाडी दिली की ती माहिती ऑनलाइन कळवायची, तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची. त्याच्याकडे असलेली गाडी कुठे गेली, कोणी चालवली, किती किलोमीटर झाली याचं रजिस्टरही ठेवायचं आहे. नियम चांगला आहे. मी हायवेवरच्या चार-पाच विक्रेत्यांना या रजिस्टरबद्दल विचारलं. एकाने मला चहा सांगितला. दुसरा म्हणाला, "पत्रकार आहात का?"

त्यामुळे आपल्याकडे अजून डिलिव्हरी नोटवर चालतं. 500 च्या स्टॅम्पवर लिहायचं, आज अमुक वाजल्यापासून अपघात, पोलीस केस, चलन सगळी जबाबदारी घेणाराची. गाडी जशी आहे तशी पसंत आहे. सह्या, दोन साक्षीदार. टीटीचे फॉर्म सही करून कोरे द्यायचे. घेणारा ते सहा महिने डॅशबोर्डमध्ये ठेवतो आणि गाडी तिसऱ्याला विकतो.

हे माझ्या विषयाला थोडं सोडून आहे, पण विकणाऱ्यांनी नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही जणांच्या हातात गेलेली असो. तिथेही मूळ मालकाने गाडी कधीच विकली होती. म्हणजे तुमच्या त्या स्टॅम्पपेपरचा उपयोग तुम्ही आणि घेणारा यांच्या भांडणात होईल, जखमी माणसाच्या दाव्यात तुम्हाला वाचवायला होणार नाही.

माझ्या गाडीचं म्हणाल तर काकांकडेच परत गेलो. यादी दाखवली, स्टिकरचा फोटो दाखवला, गणित सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटर माघारी फिरतंय. साल फिरतंय का?" पट्टा 2017 चा असेल तर रबर म्हणून त्याचं वय झालंय, 86 हजार असोत की पावणेदोन लाख. बदललेला असेल तर कागद नाही. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच. पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप, मजुरीसकट 17 हजार. कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल पण सालाप्रमाणेच बदलायचं, मीटर विसरायचं. सोमवारी गाडी सोडतोय, बुधवारी मिळेल. तोपर्यंत वडिलांची फेरी एसटीने. कुणी कराडला जाणार असेल आणि मागची सीट रिकामी असेल तर सांगा, दारापर्यंत सोडायची गरज नाही.

पीयूसी आणि ट्रान्सफरच्या वेळी किलोमीटरची नोंद व्हावी, असं एक निवेदन मी परिवहन आयुक्तांच्या नावाने लिहिलंय, कराडच्या आरटीओ कार्यालयात देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी सकाळी 11 नंतर माझ्याकडे या. ज्यांना असा अनुभव आलाय, कागद असतील तर झेरॉक्स आणा, बातमीला उपयोग होईल.

आणि गेल्या पाच-सात वर्षांत कुणी गाडी विकली असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर 'एम-परिवहन' वर तिचा नंबर टाकून बघा, अजून तुमच्याच नावावर आहे का. असेल तर मला मेसेज करा, कुठले फॉर्म लागतात ते सांगतो. कमेंटमध्ये गाडीचा नंबर टाकू नका.